चालकांना इंधन वाचवण्याची सवय कशी लावावी? बक्षीस, कपात की आणखी काही?

आडगावकर (विचारणा)

नमस्कार. नाशिकमध्ये आडगाव परिसरात आमचा मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय आहे. हंगामात दिंडोरी-निफाडकडची द्राक्षे रेफ्रिजरेटेड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरावर पोहोचवणे, एरवी लासलगाव-पिंपळगावचा कांदा आणि अंबड, सातपूर, सिन्नर येथील कारखान्यांचा तयार माल मुंबई-भिवंडीकडे नेणे, असे आमच्या गाड्यांचे काम असते. या धंद्यात सर्वांत मोठा खर्च डिझेलचा आहे, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आमच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या आहेत. दोन्ही एकाच रस्त्याने, साधारण सारखाच माल घेऊन जातात. तरीही एकीचे अॅव्हरेज दुसरीपेक्षा सतत कमी येत असे. गाडीत दोष असावा असे समजून आम्ही पंप-नोझलपासून सर्व तपासून घेतले. पुढे रजेच्या निमित्ताने चालकांची अदलाबदल झाली, तेव्हा अॅव्हरेजचीही अदलाबदल झाली. म्हणजे फरक हातात आणि पायात आहे, यंत्रात नाही, हे स्पष्ट झाले.

त्यानंतर आम्ही सर्व चालकांची बैठक घेतली, गाडी सावकाश व समजून चालवण्याविषयी बोललो, केबिनमध्ये सूचनांचे कागद चिकटवले. काही आठवडे परिणाम दिसला आणि मग सर्व पूर्ववत झाले. काही परिचित वाहतूकदार अॅव्हरेज ठरवून देतात आणि त्यापेक्षा जास्त लागलेले डिझेल चालकाच्या पगारातून कापतात. मला ती पद्धत पटत नाही. शिवाय चांगला चालक मिळणे आज किती अवघड झाले आहे, हे आपण जाणताच. जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, चालकाने मनापासून ही सवय लावून घ्यावी आणि ती टिकावी यासाठी काय करावे? आणि कसारा घाटाने जाणाऱ्या गाडीचे मोजमाप न्याय्य रीतीने कसे करावे?

लालपरी निवृत्त

आडगावकर, आपण गाडीला दोष न देता चालकांची अदलाबदल नीट पाहिलीत, ही निम्मी पायरी आपण आधीच चढून गेला आहात. मी एसटीमध्ये आयुष्य काढले आणि शेवटची काही वर्षे चालकांना शिकवण्याचे काम केले, त्या अनुभवातून लिहितो.

एसटीमध्ये इंधनाचा हिशेब केपीटीएलमध्ये, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर, असा ठेवतात. आमच्या आगारात प्रत्येक चालकाचा आकडा फलकावर लागत असे आणि ड्युटीवर जाण्यापूर्वी तो पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. आकडा दिसू लागला की माणूस स्वतःच विचार करू लागतो. आपल्या बैठकीचा परिणाम ओसरला याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण बैठकीनंतर चालकाला आपण सुधारलो की नाही हे कळण्याचा मार्गच राहिला नाही. सांगणे एकदा झाले, पण त्याला त्याचा आकडा दर आठवड्याला कळायला हवा होता.

दुसरे म्हणजे, शिकवायचे असेल तर केबिनमध्ये शेजारी बसून शिकवावे. मी नव्या चालकाच्या शेजारी बसलो की पहिल्या फेरीत काहीच बोलत नसे, फक्त त्याने ब्रेक किती वेळा आणि किती जोरात लावला हे पाहत असे. बहुतेक लोक ॲक्सिलरेटरकडे लक्ष देतात. मला ब्रेक अधिक बोलका वाटतो. भरलेल्या गाडीला वेग देण्यासाठी जे डिझेल जळाले, ते ब्रेक लावताच उष्णता होऊन ड्रममधून निघून जाते आणि पुन्हा तेवढाच वेग घेण्यासाठी पुन्हा डिझेल द्यावे लागते. म्हणून पुढे दोनशे-तीनशे मीटरवर सिग्नल लाल दिसतो आहे, टोलनाक्याची रांग दिसते आहे किंवा गतिरोधकाची पाटी आली आहे, तर गिअर तसाच ठेवून पाय उचलावा आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्यावे. द्वारका चौकाकडे येताना वाहनांची गर्दी लांबूनच दिसते. तरीही अनेक चालक शेवटच्या क्षणापर्यंत रेस देतात आणि मग गाडी दाबून थांबवतात. ही एक सवय सुटली तरी फार मोठा फरक पडतो.

येथे न्यूट्रलविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इंधन बचतीचा विषय निघाला की हा धोकादायक समज हमखास पुढे येतो. उतारावर गाडी न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते असे पुष्कळ चालक मानतात. प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या इंजिनात इंजेक्टरमधून जाणारे डिझेल बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावेच लागते. म्हणजे घाट उतरताना योग्य गिअरमध्ये राहणाऱ्या गाडीला जवळजवळ काही लागत नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवते, आणि ब्रेक थंड राहतात. न्यूट्रलवर सोडलेल्या भरल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापले की ब्रेक धरत नाहीत. कोणी त्यातही इंजिन बंद केले तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही थांबतात. कसारा घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण सर्वच वाचतो. बक्षीस जाहीर करण्याच्या आधी ही गोष्ट प्रत्येक चालकाकडून स्वतः वदवून घ्यावी, नाहीतर चार पैशांच्या लोभाने कोणीतरी घाटात न्यूट्रल करील.

एका वेळी एकच सवय हाती घ्यावी. पहिला महिना फक्त ब्रेक आणि पाय उचलणे. ते अंगवळणी पडले की आरपीएम मीटरचा हिरवा पट्टा, म्हणजे गिअर वेळेवर वर टाकणे. त्यानंतर जागेवर इंजिन चालू ठेवण्याची सवय. दहा सूचनांचा कागद केबिनमध्ये लावला तर त्यातली एकही पाळली जात नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही इंधन बचतीसाठीची संस्था चालकांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम घेते. आपण चार-पाच वाहतूकदार एकत्र येऊन तशी विनंती करू शकता. मात्र त्या एका दिवसावर विसंबून राहू नका.

घाटवाट

मी स्वतः चालक आहे आणि नाशिक-न्हावाशेवा हाच माझा नेहमीचा रस्ता आहे. शेठ लोकांच्या चर्चेत चालकाची बाजू सहसा येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लालपरी काकांनी लिहिलेले सर्व योग्य आहे आणि आमच्यापैकी पुष्कळांना ते ठाऊकही आहे. प्रश्न असा आहे की ठाऊक असूनही ते आम्ही का पाळत नाही. दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये गाडी दुपारी दोन वाजता लागते, पेट्या भरून सील लागेपर्यंत संध्याकाळचे सात होतात, आणि बंदराच्या गेटची वेळ मात्र बदलत नाही. वाया गेलेले पाच तास रस्त्यावर भरून काढण्याची जबाबदारी चालकावर येते. अशा वेळी साठच्या वेगाने जा, असे केबिनमधला कागद सांगतो आणि फोनवरचा आवाज कुठपर्यंत आलास असे दर अर्ध्या तासाने विचारतो. दोन्हींपैकी माणूस फोनचेच ऐकतो. मालकाला खरोखर डिझेल वाचवायचे असेल तर त्याने आधी माल भरणाऱ्याशी वेळेबद्दल बोलावे. ते काम चालक करू शकत नाही.

पगारातून डिझेल कापण्याच्या पद्धतीबद्दल आपण लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मी पूर्वी एका ठिकाणी काम करत होतो, तेथे रिकामी गाडी असो वा भरलेली, मुंबईकडे उतरायची असो वा परत नाशिकला चढायची, सर्वांना एकच अॅव्हरेज लावले जाई. बंदराबाहेरच्या रांगेत गाडी रात्रभर पुढे सरकत राहते, इंजिन बंद करताच येत नाही. त्या डिझेलचा हिशेबही चालकाच्याच नावावर लिहिला जाई. जे आपल्या हातात नाही त्यासाठी पैसे कापले गेले की माणूस गाडी सांभाळण्याचे सोडून तूट भरून काढण्याचे मार्ग शोधू लागतो, आणि मग मालक-चालक दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास संपतो. मी ते काम सोडले.

आता जेथे आहे तेथे कपात नाही. महिन्याच्या शेवटी शेठ वही समोर ठेवतात, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा दाखवतात, आणि जेवढे वाचले त्यातला ठरलेला हिस्सा त्याच दिवशी हातात देतात. रकमेपेक्षा मला वही समोर ठेवण्याचे अधिक मोल वाटते. एखाद्या फेरीचे अॅव्हरेज पडले तर ते आधी काय झाले होते असे विचारतात, आणि टायर किंवा रांग असे कारण सांगितले तर ते लिहून घेतात.

न्यूट्रलबाबत एक भर घालतो. घाट उतरताना पाय काढून गाडी इंजिनवर धरली की आरपीएमचा काटा थोडा वर राहतो आणि आवाज वाढतो. नव्या मुलांना वाटते की आवाज वाढला म्हणजे डिझेल जास्त जाते, म्हणून ते न्यूट्रल करतात. ज्या गाडीत तात्काळ अॅव्हरेज दाखवणारा पडदा आहे, तीत त्यांना एकदा तो उतारावर दाखवावा. शंभर वेळा सांगून पटत नाही ते एका उतारावर पटते.

अंबडचे वर्कशॉप

चर्चा चालकावर आली आहे, पण गाडीची जबाबदारी मालकाची आहे, एवढे सांगण्यासाठी लिहितो. भरलेल्या ट्रकमध्ये डिझेलचा साधारण एक तृतीयांश भाग टायरांचा रोध ओलांडण्यात जातो, असे आमच्या क्षेत्रात धरले जाते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरमध्ये हवा कमी असणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. चालक लोखंडी रॉडने टायरवर ठोकून आवाजावरून हवा तपासतात. टायर पूर्ण बसला असेल तर ते त्यातून कळते. पण शंभराच्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) लागणाऱ्या टायरमध्ये पंधरा-वीस कमी असतील, तर आवाज जवळपास तसाच येतो आणि डोळ्यालाही फरक दिसत नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तो तपासलाच जात नाही. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्यावी आणि एक चांगला गेज प्रत्येक गाडीत द्यावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. घाट चढून आल्यावर मोजली तर आकडा वाढलेला दिसतो आणि बरोबर असलेली हवा उगीच सोडली जाते.

जागेवर चालू ठेवलेल्या इंजिनाबद्दल: मोठ्या ट्रकचे इंजिन त्याच्या आकाराप्रमाणे तासाला सुमारे दोन लिटर किंवा त्याहून थोडे कमी-अधिक डिझेल घेते. सकाळी एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत आणि लांबच्या फेरीनंतर टर्बो थंड होण्यासाठी एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवणे योग्य आहे. मार्केट यार्डात कांदा उतरेपर्यंत ते चालू ठेवण्याचे काही कारण नाही. बॅटरी किंवा स्टार्टर कमजोर असेल तर चालक गाडी पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने इंजिन बंद करत नाही. असे आढळले तर त्याला उपदेश करू नका, बॅटरी बदला.

ताडपत्रीचाही विचार करावा. कांद्याच्या गाडीवरची ताडपत्री सैल असली आणि फडफडत राहिली तर वाऱ्याचा रोध वाढतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठवरून ऐंशीवर गेले की तो सुमारे पावणेदोन पट होतो. शंभर किलोमीटरच्या अंतरात या दोन वेगांमध्ये वेळेचा फरक पंचवीस मिनिटांचा आहे, आणि तोही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर.

आडगावकर

सर्वांचे मनापासून आभार. घाटवाट दादा, आपण लिहिलेला वेळेचा मुद्दा मी द्राक्षांच्या हंगामाआधी पॅकहाऊसवाल्यांपुढे मांडणार आहे. कपात करायची नाही हे आता पक्के झाले. प्रश्न मोजमापाचा उरतो. आमच्या काही गाड्या कसारा घाटाने उतरतात, तर काही आता समृद्धी महामार्गाने इगतपुरीचा बोगदा धरून आमणेपर्यंत जातात. जून २०२५ मध्ये तो टप्पा खुला झाल्यापासून जुने आकडे आणि नवे आकडे जुळत नाहीत. शिवाय रेफ्रिजरेटेड कंटेनर थंड ठेवणाऱ्या जेनसेटचे, म्हणजे जनरेटरचे, डिझेलही असते. या सगळ्यांत चालकाचा वाटा वेगळा कसा काढावा?

सिन्नरचे हिशेबनीस

मी काही वाहतूकदारांचे हिशेब पाहतो. माझे मत असे आहे की चालकांची एकमेकांशी तुलना करूच नये. प्रत्येक गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या आकड्यांशी, आणि तीही त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, साधारण त्याच वजनाने झालेल्या फेरीशी करावी. नाशिकहून मुंबई म्हणजे पठारावरून समुद्रसपाटीला उतरणे आणि परतीला तेवढेच चढणे. त्यामुळे एकतर्फी आकड्याला काही अर्थ नाही, जाऊन-येऊन पूर्ण फेरीचा आकडा धरावा. घाटाची आणि समृद्धीची पाने वहीत वेगळी ठेवावीत. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशीची मर्यादा आहे आणि रस्ता मोकळा असल्याने चालक सतत तिथेच राहतात, हेही आकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

डिझेल नेहमी टाकी फुल ते टाकी फुल असेच मोजावे, शक्यतो एकाच पंपावर. अर्धी टाकी, काट्यावरचा अंदाज, रोखीने मध्येच भरलेले वीस लिटर, यांतून निघालेला आकडा कोणालाच मान्य होत नाही. जेनसेटची टाकी वेगळी असते, तेव्हा तिची नोंदही वेगळ्या पानावर करावी आणि तास-मीटरशी ताडून पाहावी. ती चालकाच्या अॅव्हरेजमध्ये मिसळू नये. माल योग्य तापमानात राहिला पाहिजे, तेथे बचतीचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर धावते आणि अॅव्हरेज ५ आहे, असे धरू. १,६०० लिटर डिझेल लागते. अॅव्हरेज ५.३ झाले तर सुमारे १,५१० लिटर लागेल, म्हणजे ९० लिटर वाचले. लिटरला ९० रुपये धरले तर ही रक्कम ८,१०० रुपये होते. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा एकाच गाडीचा महिन्याला २४० किलोंच्या आसपास धूर कमी झाला. बचतीचा निम्मा भाग चालकाला दिला तरी मालकाचे नुकसान काहीच नाही, कारण ही रक्कम आधी कोणाच्याच हाती येत नव्हती. मात्र हिस्सा आधी लिहून ठरवावा आणि अॅव्हरेज सुधारले म्हणून पुढच्या वर्षी मूळ आकडा वर नेऊ नये. तसे केले की चालक पहिल्याच वर्षी हात राखून चालवायला शिकतो. काही ठिकाणी ही योजना याच एका कारणाने बंद पडलेली मी पाहिली आहे.

जीपीएस यंत्रणा चालकाला जे गुण देते, त्यांबद्दल सावधपणे वागावे असे वाटते. अचानक ब्रेक, जास्त आरपीएम, जागेवर चालू इंजिन, हे सर्व नव्या गाड्यांमध्ये कंपनीकडूनच येणारी यंत्रणा दाखवते. ही माहिती आधी चालकाच्या मोबाइलवर जावी आणि त्यालाच ती पाहू द्यावी. मालकाने ती फक्त चूक दाखवण्यासाठी वापरली तर चालक त्या यंत्राकडे पहारेकरी म्हणूनच पाहतो.

लालपरी निवृत्त

हिशेबनीसांशी सहमत आहे. एवढेच जोडतो की घाटात एअर ब्रेकची हवा कमी झाल्याची किंवा ब्रेक तापल्याची एकही तक्रार आली, तर त्या महिन्याचे बक्षीस थांबवून आधी चालकाशी बोलावे. आणि अॅव्हरेज अचानक फार वाढलेले दिसले तर आनंद मानण्याआधी, तो घाट कसा उतरतो हे शेजारी बसून पाहावे.

आडगावकर

या चर्चेवरून मी चालकांसाठी पुढीलप्रमाणे लिहून काढले आहे. पगारातून कपात होणार नाही. प्रत्येक गाडीचा मूळ आकडा मागच्या वर्षीच्या त्याच रस्त्यावरच्या पूर्ण फेऱ्यांवरून ठरेल आणि दोन वर्षे बदलणार नाही. बचतीचा निम्मा हिस्सा महिन्याच्या सात तारखेला, वही दाखवून मिळेल. उतारावर न्यूट्रल आढळल्यास त्या महिन्याचा हिस्सा मिळणार नाही. टायर, बॅटरी आणि फिल्टर यांची जबाबदारी आमची. बंदराच्या किंवा यार्डाच्या रांगेत गेलेला वेळ चालकाने वहीत लिहावा, त्याचे डिझेल वजा धरले जाईल. यात काही चुकत असेल तर उद्या बैठकीत मांडण्यापूर्वी कृपया सांगावे.

घाटवाट

बाकी सर्व योग्य आहे, आमच्या शेठनाही दाखवीन. रांगेचा वेळ मात्र चालकाला लिहायला लावू नका. त्यावरून पुढे कोणी कोणाला खोटे ठरवील. वजनकाट्याच्या पावतीवर आणि बंदराच्या गेटपासवर आत-बाहेरची वेळ छापलेली असते. ती पावती वहीला टाचून ठेवा आणि वेळ तिच्यावरूनच धरा. यार्डात पावती मिळत नाही, तेथे जीपीएसवर गाडी थांबल्याची जी वेळ दिसते ती घ्यावी. आणि बैठक उद्या सकाळी ठेवणार असाल तर रात्री बंदराहून परतणाऱ्यांना आधी झोपू द्या, दुपारनंतर ठेवा.